हाताचं पायताण

“मास्तरांच्या बोटांचं लगीन ठरलंय का काय? रोज नवी कापडं चढवत्यात त्येस्नी.”

जिन्यात माझ्या पुढे चढणाऱ्या दोन मुलींपैकी एक दुसरीला हे म्हणाली आणि दोघी कठड्याला धरून हसत राहिल्या. मी मागे होते. मी मागेच असायचे. वर टायपिंग क्लासच्या दारात आमचे सर उजव्या हातात एक जाड, पिवळट, कोपरापर्यंत येणारा मोजा घालून उभे होते आणि त्या हाताने दाराची कडी काढायची खटपट करत होते. कडी निघत नव्हती. डाव्या हाताने ती सहज निघाली असती, पण मग मोज्याची परीक्षा झाली नसती. “आत या,” सर आमच्याकडे न बघता म्हणाले, “म्हणजे, उघडली की या.” आम्ही जिन्यातच उभ्या राहिलो. खालच्या स्टेशनरीच्या दुकानातून कुणीतरी ओरडून विचारलं, “मास्तर, आज किती वाजता उघडनार?” तेव्हा मला वाटलं, या माणसाचं काही होणार नाही. पुढची दोन-तीन वर्षं मी त्यांना रोज पाहिलं आणि माझं हे मत रोज थोडं थोडं पक्कं होत गेलं.

हातात घालता येईल अशी एकही वस्तू त्या काळी कोल्हापुरात उरली नव्हती, जी आमच्या टायपिंगच्या सरांनी घालून पाहिली नव्हती. विकेटकीपरचे मोजे झाले, वेल्डिंगवाल्यांचे झाले, मधाची पोळी काढणाऱ्या एका माणसाकडचे झाले. सायकलची जुनी ट्यूब कापून, तिच्यात कापूस भरून, ती एकेका बोटावर चढवून झाली. काथ्याची झाली, गोणपाटाची झाली. एकदा तर त्यांच्या आईंनी स्टोव्हवरचं पातेलं उतरवायला शिवलेलं फडकं घेऊन ते क्लासला आले आणि संध्याकाळी आई ते शोधत जिना चढून वर आल्या. हे सगळं कशासाठी, तर सरांना फरी-गदगा खेळायचा होता. आमच्याकडच्या मर्दानी खेळातला हा एक प्रकार. डाव्या हातात फरी म्हणजे कातड्याची लहान ढाल, उजव्या हातात गदगा म्हणजे कातडं चढवलेली काठी, आणि समोर तसाच सजलेला दुसरा गडी. डोकं सांभाळता येतं, खांदा सांभाळता येतो, पण गदगा धरलेल्या मुठीवर समोरच्याचा गदगा केव्हा येऊन बसेल याचा नेम नसतो. सरांना खेळायचं होतं आणि बोटंही शाबूत ठेवायची होती. या दोन गोष्टींच्या मधे जी जागा होती, तिच्यात मावेल असा एक मोजा त्यांना हवा होता. तो जगात कुठेतरी आहे आणि आपणच नीट शोधत नाही, अशी त्यांची समजूत होती.

मी तिथे कशी पोचले तेही सांगायला हवं. वडिलांची बँकेतली बदली होऊन आम्ही कोल्हापुरात आलो तेव्हा माझं शिक्षण बहुतेक सगळं नन्सच्या शाळांत झालेलं होतं. मराठी मला येत होतं, पण ते पुस्तकातलं. मंडईत एकदा मी भाजीवालीला “कृपया थोडी कोथिंबीर द्याल का” असं विचारलं, तर तिने शेजारच्या दोघींना हाक मारून मला तेच पुन्हा म्हणायला लावलं होतं. वाईट हेतू नव्हता तिचा, कोथिंबीरही फुकट दिली. पण त्यानंतर मी कोल्हापुरात तोंड उघडणं जवळजवळ बंद केलं. इथली माणसं रस्त्याच्या या टोकाहून त्या टोकाला गप्पा मारत. माझा आवाज शेजारच्या खुर्चीपर्यंतही जात नसे. बी.ए. झाल्यावर नोकरीसाठी टायपिंग शिकावं असं घरात ठरलं आणि मला ते आवडलं, कारण टाइप करताना बोलावं लागत नाही. सरांनी मला खिडकीजवळचं मशीन दिलं. खिडकीतून समोरच्या तालमीचं अंगण दिसायचं, आणि अंगणात काठ्या फिरवणारी पोरं. सर येता-जाता माझ्या मशीनपाशी थांबत. मला वाटायचं, माझ्या चुका बघतात. ते खिडकीतून बघत असत.

आता ज्याला काठीचा खेळ खेळायचा आहे, तो माणूस कसा असेल असं कुणालाही वाटेल, सर तसे अजिबात नव्हते. पंचेचाळिशीचे, किरकोळ अंगाचे, कायम पांढरा शर्ट, आणि दहा बोटं अशी जपलेली की लग्नातल्या नवरीनेही मेंदी वाळेपर्यंत इतकी जपू नयेत. एस.टी.ची खिडकी त्यांनी आयुष्यात कधी स्वतः लावली नाही; पावसाने भिजत जातील पण हात लावणार नाहीत. दार ते पायाने लोटत. कुणी हस्तांदोलनाला हात पुढे केला की ते चपळाईने नमस्कार करत. बरणीचं झाकण, कुलूप, नारळ, पंपाचा दांडा, या चार गोष्टींना ते शत्रू म्हणत. क्लासमधल्या नव्या मुलांना पहिल्या दिवशी ते दोन्ही पंजे समोर धरून सांगत, “लोकांच्या शेतात ऊस असतो. माझं शेत हे एवढंच. दहा सऱ्यांचं.” आणि मग तोच माणूस संध्याकाळी क्लास सुटल्यावर दार लावून, आतल्या खोलीत, खुर्चीच्या पाठीवर उशी बांधून तिला रुळाने मारायचा सराव करत असे. मला हे माहीत होतं, कारण मी एकदा छत्री विसरले म्हणून परत गेले होते. मी दार न वाजवता भिजत घरी गेले.

बोटांची ही भीती मात्र वेड्याची नव्हती. सरांचे थोरले भाऊ आणि सर दोघेही लहानपणी क्लाससमोरच्या तालमीत, एकाच वस्तादांकडे शिकले. भाऊ टायपिंगही शिकले होते, कचेरीत लागायचं जवळजवळ नक्की होतं. परीक्षेच्या आधी शिवजयंतीला त्यांची फरी-गदग्याची जोड लागली आणि उजव्या हाताची दोन बोटं गेली. मग कचेरी राहिली आणि ते बिद्रीच्या साखर कारखान्यावर उसाच्या गाड्यांचं वजन करायला गेले, ते तिथलेच झाले. आईंनी धाकट्याला तालमीत जायची बंदी केली. घर सरांच्या बोटांवर चाललं. सरांनी हे मला एकदाच सांगितलं, तेही माझ्या मशीनची रिबीन बदलताना, खाली मान घालून. “दादाला मोजा असता ना, पोरी,” ते म्हणाले, “तर हा क्लास त्याचा असता. मी कुठंतरी सुखानं गदगा खेळत बसलो असतो.” रिबीन बसली होती, म्हणून मी टाइप करायला लागले.

मोजा पारखायची सरांची स्वतःची पद्धत होती. आधी ते मशीनवर एक ठरलेलं व्यापारी पत्र टाइप करत. मग मोजा घालून हात टेबलावर ठेवत आणि एखाद्या विद्यार्थ्याला लाकडी रूळ देऊन सांगत, “मार.” मुली नकार देत. मुलगे मात्र या कामासाठी वेळेआधी येऊन बसत. ज्याला आदल्या दिवशी सरांची बोलणी बसलेली असत, त्याला त्या दिवशी विशेष जोर येई. मार खाऊन झाला की मोजा काढून सर तेच पत्र पुन्हा टाइप करत. बोटं दुखून वेग उतरला, तर मोजा बाद. वेग उतरला नाही, तर ते मोजा घालून गदगा धरून बघत, आणि तो हातातून निसटला, की मोजा पुन्हा बाद. पातळ मोजा मार आत सोडत असे, जाड मोजा काठी बाहेर सोडत असे. “मार कळू नये,” सर म्हणत, “पण मूठ कळली पाहिजे. इतकंच तर मागतोय मी.” हे ते अशा सुरात म्हणत, जसं काही कुणीतरी मुद्दाम त्यांच्यापासून तो मोजा लपवून ठेवला आहे. मला तर तिसऱ्या मोज्यापासूनच कळून चुकलं होतं की या दोन मागण्यांचं एकमेकींशी जमायचं नाही. सरांना तिसाव्यालाही ते कळलेलं नव्हतं.

मध्यंतरी त्यांनी उद्यमनगरातल्या एका ओळखीच्या कारखानदाराला गाठून अॅल्युमिनियमची बोटं ओतून घेतली. तो बिचारा इंजिनाचे भाग ओतायचा. त्याने पुनःपुन्हा विचारलं, “मास्तर, ह्यात गरम काय धरायचं हाय तुमाला?” पाचही बोटं सुरेख झाली, फक्त ती सांध्यात वाकत नव्हती. त्या दिवशी क्लासमध्ये सर पंजा पसरून, कुणाला तरी थांबा म्हणावं तसा हात समोर धरून फिरत होते, आणि नवीन आलेली एक मुलगी दारातच थांबून राहिली. बऱ्याच वेळाने तिला आत घेतलं.

पन्हाळ्याची गोष्ट मला सरांच्या दोस्ताने, नानांनी सांगितली. नाना म्हशी पाळायचे आणि संध्याकाळी चौकात गिऱ्हाइकासमोर धार काढून दूध विकायचे. सरांच्या बरोबरीने तालमीत शिकलेले, आणि अजून खेळणारे. सरांची जोड लागेल ती नानांशीच, असं दोघांचं लहानपणापासून ठरलेलं. तर पन्हाळ्यावर एका जुन्या घरात लोखंडी कड्यांचा, पणज्याच्या पणज्याचा दस्ताना आहे अशी बातमी सरांना लागली आणि ते नानांना घेऊन एस.टी.ने गेले. घरातले म्हातारे गृहस्थ दस्ताना दाखवायला तयार झाले, घालून बघायलाही हरकत नव्हती. सरांनी हात घातला. हात आत गेला तो बाहेर येईना. साबण झाला, तूप झालं. म्हातारबाबांचं म्हणणं, कापायचा न्हाय, आणि वस्तू आमच्या घराबाहेर जायाची न्हाय. शेवटी तोड निघाली ती अशी की वस्तूबरोबर तेही कोल्हापूरला येणार. मग एस.टी.त खिडकीशी सर, त्यांच्या मांडीवर तो लोखंडी हात, आणि त्या हाताचं मनगट दोन्ही हातांनी घट्ट धरून म्हातारबाबा. कंडक्टरने तिकिटं फाडता फाडता शांतपणे विचारलं, “पावणं, त्यो हात तुमचा का त्येंचा?” “आतला त्यांचा, वरचा माजा,” म्हातारबाबा म्हणाले. कोल्हापुरात तेलाच्या घाण्यावर हात एकदाचा सुटला. “आनि सुटल्यावर,” नाना म्हणाले, “ह्यो मला म्हनतो कसा, नाना, माप बराबर हुतं रं.”

पण सगळ्यात जवळ आला होता तो पायताणाच्या कातड्याचा मोजा. कोल्हापुरात कातड्याचं काही करायचं तर माणूस जातो चपला करणाऱ्याकडेच. सर ज्या कारागिराकडे गेले त्याने जन्मात मोजा शिवलेला नव्हता, पण नाही म्हणायची त्याला सवय नव्हती. त्याने म्हशीचं कातडं कमावून, तेल पाजून, थरावर थर देऊन, वर वेणीची नक्षी आणि लाल गोंडा लावून असा मोजा केला की तो भिंतीवर टांगावा. रुळाचा मार खाऊनही पत्राचा वेग उतरला नाही. गदगाही निसटला नाही. सर त्या दिवशी क्लासभर नुसते खिडकीत उभे राहिले. माझ्याही मनात पहिल्यांदाच आलं, की झालं बहुतेक. संध्याकाळी ते तालमीत गेले. वस्तादांना तोवर मोतीबिंदूने जवळजवळ दिसेनासं झालं होतं. भिंतीशी बाजेवर बसून ते पोरांचा खेळ नुसता ऐकत आणि कुणाचा पाय चुकला ते तिथून सांगत. सरांनी मातीवर पाऊल ठेवलं, मूठ आवळली, आणि मूठ वाजली. कर्र. कारागिराने चांगल्या चपलेत घालतात तसा, थरांच्या मधे, वाजायचा ऐवज घातला होता. त्याच्या मते न वाजणारी वस्तू गिऱ्हाइकाला देणं म्हणजे अर्धं काम करून देणं.

“मातीत पायताण कोन घालून आलाय?” वस्तादांनी विचारलं.

पोरांनी एकमेकांचे पाय बघितले. सगळे अनवाणी. सरांनी हात पाठीमागे नेला, तर तो आणखी वाजला.

“पायात नाही, वस्ताद,” सर म्हणाले. “हातात आहे.”

वस्तादांनी मोजा मागून घेतला, चाचपला, वास घेतला. “पायतानच हाय,” ते म्हणाले. “कातडं त्येच, शिवन त्येच, बोलतंय बी तसंच.”

“वस्ताद, फरीसुद्धा कातड्याचीच असते की.”

“फरी धरत्यात. घालत न्हाईत. जे घालत्यात ते दाराभाईर.”

मोजा दाराबाहेर चपलांच्या रांगेत ठेवला गेला. सरांनी नंतर कारागिराला तो आवाज काढून टाकायला सांगितलं, तर तो रुसला. आणि आवाज काढूनही काही उपयोग नव्हता, कारण वस्तादांनी एकदा पायताण म्हटलं की ते पायताण. ही गोष्ट मी इतरांना सांगते तेव्हा सगळे हसतात. मी त्या संध्याकाळी क्लासच्या खिडकीतून पाहिलेले सर मात्र चपलांच्या रांगेतून स्वतःचा हात उचलून घेत असल्यासारखे वाकले होते.

त्याच वर्षाच्या थंडीत वस्तादांचा निरोप आला. ते शिवजयंतीनंतर कायमचे लेकीकडे राधानगरीला जाणार होते. दिसत नव्हतं, करणारं कुणी नव्हतं. त्या तालमीत रीत अशी, की शिष्याने आपल्या वस्तादासमोर, चौकात, लोकांपुढे एक तरी जोड खेळली की वस्ताद त्याला स्वतःच्या हाताने फेटा बांधतो आणि मग तो पक्का गडी. त्याआधी तो कच्चा, मग वय काहीही असो. सर पंचेचाळिसाव्या वर्षी त्या तालमीतले एकमेव कच्चे गडी होते. नव्या वस्तादाने फेटा बांधून चालत नाही, ज्याने शिकवलं त्यानेच बांधायचा. वस्तादांनी सांगून पाठवलं होतं, “मास्तरला म्हनावं, औंदा शेवटचं. न्हाईतर तुजं कच्चंपन मी माज्या गठुड्यात बांधून न्हेतो.” दर वर्षी सर नाव देत आणि दर वर्षी मोज्यापायी मागे घेत. आता मागे घ्यायला पुढचं वर्ष उरलं नव्हतं.

सर तेव्हा खरोखर खचले. हसू आणणाऱ्या माणसाला असं खचलेलं बघणं फार वाईट असतं, कारण बाकीचे सवयीने हसतच राहतात. शेवटी त्यांनी खोगिराखालच्या जाड नमद्याचा, म्हणजे दाबलेल्या लोकरीचा, वरून कॅनव्हास लावलेला, मनगटापासून कोपरापर्यंत नाडीने आवळायचा एक मोजा केला. तो पायताण नव्हता आणि वाजत नव्हता. अडचण वेगळीच होती. तालमीत सलामी उघड्या हाताने होते: मातीला हात, मातीचा हात कपाळाला, मग समोरच्याचा हात हातात. सलामी झाली की हलगी सुरू होते, आणि हलगी सुरू झाल्यावर समोरच्याला ताटकळत ठेवणं हा अपमान. म्हणजे मोजा सलामीनंतर आणि हलगी रंगायच्या आत घालायचा. मागे एका वर्षी सरांनी दातांनी नाडी आवळायचा प्रयत्न केला होता. हलगीवाला वाजवून वाजवून दमला आणि नाना उभ्या उभ्या जांभया देत होते; शेवटी सरांनी नाव मागे घेतलं होतं.

“तू बांधशील का, पोरी?” सरांनी मला विचारलं. “तुझी बोटं क्लासमध्ये सगळ्यात झटपट चालतात. आणि तू हसत नाहीस.”

मी हसत नव्हते हे खरं होतं. पण चौकात, एवढ्या गर्दीपुढे, बायका जिथे गच्चीतून बघतात तिथे मातीच्या कडेला जाऊन उभं राहायचं, हे मला जमणार नव्हतं. मी नाही म्हणायला तोंड उघडलं, आणि नाही म्हणायलाही बोलावं लागतं, म्हणून मान हलवली. ती मी आडवी हलवली होती की उभी, मला आजही सांगता येणार नाही. सरांनी ती उभी धरली. मग रोज क्लास सुटल्यावर मी त्यांची नाडी आवळायचा सराव करू लागले.

शिवजयंतीच्या संध्याकाळी चौक माणसांनी भरला होता. मध्ये लाल माती पसरलेली, कडेला खुर्चीवर वस्ताद, त्यांच्या मांडीवर घडी केलेला भगवा फेटा. आधी लहान मुलांच्या काठ्या झाल्या, पट्टे झाले, लिंबू कापणं झालं. मग सरांचं आणि नानांचं नाव पुकारलं आणि गर्दीतून आवाज आला, “मास्तर, आज काय घालून आलायसा? कढई का परात?” सर मातीत उतरले. सलामी चांगली झाली. नानांचा हात हातात घेतलेला असताना सरांचा चेहरा असा दिसत होता, की मी तो तसा आधी पाहिला नव्हता, एकदम पोरगेलासा. हलगी कडाडली. मी पुढे झाले, मोजा चढवला, नाडी आवळली, गाठ मारली. माझं काम इतकं पटकन झालं की कुणीतरी शाबास म्हणालं. सरांनी डाव्या हातात फरी घेतली, उजव्या हातात गदगा घेतला, पवित्रा घेतला, आणि गदगा हातातून गळून मातीत पडला.

त्यांनी तो उचलला. तो पुन्हा पडला. सराव केला होता तो तालमीच्या जुन्या, बारीक गदग्यावर. चौकातला जोडीचा गदगा जाड होता, आणि त्या नमद्यात मूठ मिटतच नव्हती. “हलगी थांबवा रं,” कुणी म्हणालं, “मास्तरांचा हात निजलाय.” हशा पिकला. हलगी थांबली. नानांनी वर धरलेली फरी हळूहळू खाली घेतली आणि जवळ येऊन हळूच म्हणाले, “ऱ्हाऊ दे गड्या. कशाला? माजा गदगा लई वाईट बसतो, तुला ठावं हाय.”

“का थांबलं रं?” खुर्चीतून वस्ताद म्हणाले. “मास्तर गेला का?”

सर गेले नव्हते. ते हाताकडे बघत उभे होते. मी नाडी सोडायला पुढे गेले, तेव्हा ते माझ्याशी बोलले, की स्वतःशी, कळलं नाही. “आठ दिवसांवर पोरांची परीक्षा आहे,” ते म्हणाले. “बोट गेलं तर त्यांच्यापुढं कोण बसणार? दादाचं एकट्याचं गेलं होतं. माझ्यामागं चाळीस पोरं आहेत.”

त्यानंतर जे झालं ते थोडक्यात सांगण्यासारखंच आहे. जोड झाली. दूध उतू जायला लागेल तेवढाच वेळ ती चालली असेल. सरांनी एकदा नानांच्या खांद्यावर गदगा असा बसवला की वस्ताद खुर्चीतून म्हणाले, “ह्यो मास्तरचा.” त्यांनी तो आवाज ओळखला. नंतरचे बाकीचे सगळे नानांचे होते, आणि त्यातला एक सरांच्या उजव्या हाताच्या अनामिकेवर बसला. फेटा बांधून घेताना सरांचा तो हात रुमालात होता. वस्ताद दोन दिवसांनी राधानगरीला गेले. परीक्षेपर्यंत आणि नंतरही महिनाभर क्लास मी चालवला. रोज चाळीस जणांपुढे मोठ्याने ए-एस-डी-एफ म्हणून माझा घसा बसायचा. सरांचं बोट जुळलं, पण पूर्ण सरळ झालं नाही. त्यांनी टाइप केलेल्या कागदावर त्या बोटाने दाबायचं इंग्रजी ‘ओ’ हे अक्षर पुढे कायम फिकं उमटत राहिलं. सगळे मोजे त्यांनी देऊन टाकले. ते दाराची कडी नीट काढू लागले, एस.टी.ची खिडकी लावू लागले, नारळसुद्धा फोडू लागले. जिन्यात मुली हसेनाशा झाल्या. हे सगळं चांगलंच झालं असं सगळे म्हणत, मीही म्हणत असे. पण खिडकीजवळच्या मशीनपाशी ते आता थांबत नसत, आणि समोर तालमीत पोरं खेळत असली तरी तिकडे बघत नसत. पुढे मला पुण्यात नोकरी लागली. निरोप घ्यायला गेले तेव्हा सरांनी चारचौघांसारखा हात पुढे केला. तो हातात घेताना मला इतकं परकं वाटलं, की तिथून लवकर निघावंसं झालं.

म्हणून सर आठवतात ते मला चौकातले, नाडीचं एक टोक माझ्या हातात असतानाचे. नाना परत फिरले होते. हलगीवाला हलगी खांद्याला अडकवायला लागला होता. वस्ताद मांडीवरच्या फेट्याची घडी चाचपत होते आणि उठायला कुणाचा तरी हात शोधत होते. गच्च्यांवर बायका होत्या, मातीभोवती अख्खी पेठ होती, आणि सगळे बघत होते. मी गाठ सोडली, आणि कुणीतरी मोठ्याने, पार समोरच्या गच्चीपर्यंत जाईल इतक्या मोठ्याने बोललं. ते मी होते, हे मला सर माझ्याकडे वळले तेव्हा कळलं.

“काढा ते, सर. क्लास मी घेते.”